घेतानाची शीग, देतानाची शीग

मला अक्षरं पाटीवर भेटली नाहीत, पत्रकांवर भेटली. माझे वडील अमरावतीला गणिताचे शिक्षक होते आणि शाळेतून उरलेला सगळा वेळ पत्रकं लिहिण्यात घालवत. छापखान्यातून तपासायला आलेले कागद ते जमिनीवर पसरून बसत. मी समोरच्या बाजूला पालथी पडून बघत राही, त्यामुळे मी आधी उलटं वाचायला शिकले आणि सुलटं नंतर. मी वाचलेला पहिला सबंध शब्द 'दशमान' होता असं आई सांगते. ती हे कौतुकाने सांगत नाही.

वडिलांचं म्हणणं चार वाक्यांत मावणारं होतं, आणि त्यासाठी त्यांनी तीस वर्षं घालवली. सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. धान्य मोजायची पायली अमरावतीला एक, मोर्शीला दुसरी, पातूरकडे तिसरी. या गोंधळाचा हिशेब जमावा म्हणून पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करायची आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा. दर वर्षी औटकीपाशी वर्ग रोडावतो हे वडील बघत. त्यांत माळ्यांची मुलं जास्त. झाडाकडे नुसतं बघून किती टोपल्या संत्री निघतील हे सांगणारी ती मुलं, पण औटकी येत नाही म्हणून छड्या खायची आणि एक दिवस यायची बंद व्हायची. वडील म्हणायचे, "मी पोरांना डोंगर चढायला लावतो, आणि तो डोंगर माणसांनीच रचलेला आहे. दहाच्या पटीतली मापं आली तर डोंगरच उरत नाही."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा लेखणी माझ्याकडे आली. आधी ते सांगत आणि मी लिही. हळूहळू ते कमी सांगू लागले आणि मी जास्त लिहू लागले. त्यांच्या पत्रकाचा मथळा असायचा 'नम्र विनंती'. माझ्या पहिल्या पत्रकाचा होता 'जबाब द्या!' मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि उद्गारचिन्हाशिवाय मला वाक्य संपवता येत नसे.

त्या पत्रकातलं एक वाक्य मला फार आवडायचं: 'शीग म्हणजे डोळ्यांदेखत केलेली चोरी!' शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पायली काठापर्यंत भरली की वर हातांनी धान्य ओतत जायचं. काठावरून दाणे घरंगळायला लागेपर्यंत जो ढीग उभा राहतो ती शीग. अडत्या शेतकऱ्याकडून घेताना शीग लावून घेतो आणि गिऱ्हाइकाला देताना काठी फिरवून सपाट देतो, हे मी बाजारात पाहिलं होतं. म्हणून शीग गेली पाहिजे. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

पण पत्रकांनी मापं बदलत नाहीत, कायद्याने बदलतात. म्हणून आम्ही राजकारणी लोकांच्या घरी जाऊ लागलो. वडील पुढे, मी मागे, पिशवीत पत्रकं. त्या दोन वर्षांत आम्ही वऱ्हाडातल्या किती ओसऱ्यांवर बसलो याची मोजदाद नाही. एक म्हणाले, "मास्तर, आधी इंग्रज जाऊ द्या, मग शेर जाईल." दुसऱ्यांनी मोठ्या काळजीने विचारलं, "हे माप फ्रान्सातलं म्हणता. आपल्या ज्वारीले मानवंल का?" बाकी सगळे मात्र सहमत झाले. 'तत्त्वतः' हा शब्द मी तिथे इतक्यांदा ऐकला की तो कानावर पडताच मी पिशवी उचलू लागले.

शेवटी अमरावतीच्या एका मेंबरांनी मनावर घेतलं. नागपूरच्या असेंब्लीत ते ठराव मांडायला तयार झाले: दशमान मापं देशभर आणावीत, अशी या प्रांताची शिफारस वर जावी. अट एकच. "मी एकटा उभा राहिलो तर हसतील. अकोल्याकडचा एक मेंबर पाठिंब्याले आणा. नाही आणला तर मी मांडत नाही." वडिलांच्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने उरले होते. ते कोणाजवळ बोलले नाहीत, पण शाळेतून जाण्याआधी एवढं एक व्हावं असं त्यांना वाटत होतं, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं.

आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. तिथले मेंबरसाहेब वकील होते. पातूरकडे त्यांची बरीच शेती होती. आधीच सांगते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी आमचं पत्रक आमच्यासमोर अथपासून इतिपर्यंत वाचलं. असं करणारे ते पहिलेच. माझं उद्गारचिन्हांचं पान वाचून ते हसले आणि वडिलांना म्हणाले, "गुरुजी, ही तुमची मुलगी का दारूगोळा?"

मग गंभीर झाले. "मला पटलंय. तत्त्वतः म्हणत नाही, खरंच पटलंय. पण उद्या मी नागपूरला उभा राहिलो आणि परवा शेतावर गेलो, तर माझी माणसं विचारतील, साहेब, आमची पायली काऊन घेतली? मी काय सांगू त्यांना? पोरांचे पाढे वाचतील म्हणू? त्यांची पोरं कुठं शाळेत जातात?"

वडील म्हणाले, "आम्ही येऊन सांगतो."

"सांगू नका. मापून दाखवा. पुढच्या आठवड्यात ज्वारीचं खळं आहे, सगळे तिथंच असतात. त्यांच्या माना हलल्या तर मी उभा राहतो. शब्द दिला."

वडिलांनी अमरावतीत पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून एक लिटरचं माप करून घेतलं होतं. सोबत एक चिमुकली डबी. दहा डब्या भरून ओतल्या की एक लिटर. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीने पाणी मोजून वडिलांनी ते तपासलं होतं, आणि कारागिराला तीनदा परत पाठवलं होतं. ती मापं फडक्यात बांधून आम्ही अकोल्याहून मोटारीने पातूरला आणि तिथून मेंबरसाहेबांच्या बैलबंडीने शेतावर गेलो.

खळं शेणाने सारवलेलं होतं आणि मधे ज्वारीची रास. आम्ही पोचलो तेव्हा मक्त्याची ज्वारी मोजणं चाललं होतं. पीक कसंही येवो, ठरलेल्या पायल्या मालकाला द्यायच्या, या बोलीवर एक जण शेजारचं शेत करत असे. त्याची बंडी उभी होती. मोजायला एक म्हातारा मापारी होता. अनवाणी, तोंड पूर्वेकडे. पहिल्या पायलीला त्याने 'एक' म्हटलं नाही, 'लाभ' म्हटलं, मग दोन, तीन. प्रत्येक पायलीवर तो दोन्ही ओंजळींनी ज्वारी सोडत जाई. शीग चढत चढत टोकदार होई, दाणे काठावरून निसटू लागत, तेव्हाच त्याचा हात थांबे. मक्तेकरी उभा राहून बघत होता.

ते संपलं आणि सोंगणी-कापणी करणाऱ्या बायांच्या मजुरीची पाळी आली. मजुरी ज्वारीतच होती. बाया खळ्याच्या कडेला टोपली घेऊन बसल्या होत्या. मेंबरसाहेब मला म्हणाले, "हं, या आता पुढं. तुमचं माप काढा."

मी माप भरलं, हातातली पट्टी काठावरून फिरवली, माप सपाट झालं. मोठ्याने म्हणाले, "एक."

मापाऱ्याने हळूच सांगितलं, "लाभ म्हणा, बाई."

अंधश्रद्धेवर दोन पत्रकं लिहिलेली मी, निमूटपणे म्हणाले, "लाभ."

पातूरकडची सपाट पायली चार लिटरांच्या जवळपास जाते हे आम्ही आधी बघून ठेवलं होतं. म्हणून एका पायलीच्या जागी चार लिटर मी पहिल्या बाईच्या टोपलीत ओतले. ती पन्नाशीची असेल. विळा कमरेला खोचलेला. तिने टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"अन् शीग?"

मी समजावू लागले. खऱ्या मापाला शीग नसते, शीग म्हणजे फसवणूक, आता सगळ्यांना सारखं. माझं पत्रक मला पाठ होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"ते समजलं. पण माही शीग कोठी गेली?"

मागून कोणीतरी म्हणालं, "काय वं, बाईनं शिकता शिकता खाल्ली असंल!" बाया खदखदून हसल्या. एक तर टोपलं डोक्यावर पालथं घालून म्हणाली, "घ्या वं, आता असं सपाट घ्या!" मेंबरसाहेब मिशीत हसत वडिलांना म्हणाले, "पाहा गुरुजी. मी याच्यासाठीच बोलावलं होतं."

माझे कान तापले. राग त्यांच्या हसण्याचा नव्हता. मी ज्याला चोरी म्हणत होते तो या बायांच्या मजुरीचा भाग होता आणि मी तो पट्टी फिरवून काढून घेतला होता. अडत्याच्या दुकानात उभं राहून मी शीग पाहिली होती; खळ्यावर बसून पाहिली नव्हती.

वडिलांना नीट दिसत नव्हतं, पण काय झालं ते त्यांना कळलं. ते म्हणाले, "पोरी, शीगही मोज की."

मग मी मापाऱ्याला सांगितलं, तुम्ही मजुरीची पायली नेहमी भरता तशी भरा. त्याने भरली, वर शीग लावली. ती सगळी मी लिटरने मोजली. चार लिटर, आणि वर एक डबी. मी ती एक डबी बाईच्या टोपलीत ओतली. "ही तुमची शीग. आता रोज चार मापं आणि एक डबी मागायची. कोणाचा हात मोठा, कोणाचा लहान, प्रश्नच नाही."

बाईने डबी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. "याच्या दहा म्हणजे ते मोठं?"

"हो."

"मंग असं सांग ना! इतलं सोपं असून मघापासून भाषण काऊन देऊन राहिली?"

पुन्हा हशा झाला, पण हा हशा वेगळा होता. माना हलत होत्या. मेंबरसाहेबांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गुरुजी. मी नागपूरला उभा राहतो." वडिलांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायला घेतला, आणि चष्म्याने त्यांना फारसं दिसत नसे हे मला ठाऊक होतं.

इथे थांबलो असतो तर सगळं झालं असतं.

ती बाई डबी हातात घेऊन अजून उभीच होती. म्हणाली, "अन् सकाळची पायली? मक्त्याची? तेबी मापून पाय ना."

मेंबरसाहेब म्हणाले, "आता कशाले? उन्ह चढलं. चला, जेवण झालंय."

पण मापारी खाली बसला होता आणि त्याने पायली ओढलीही होती. त्याच्या मनात काही होतं असं मला वाटत नाही. चाळीस वर्षं 'भर' म्हटलं की भरायची त्याला सवय. त्याने सकाळसारखी पायली भरली. ओंजळी सोडत गेला, शीग चढत गेली, टोकदार झाली. मी मोजायला लागले. चार लिटर. मग डब्या. ओतताना डबी मापावर आपटायची आणि टक् असा आवाज व्हायचा. वडील मान खाली घालून तो आवाज मोजत होते. सहाव्या आवाजानंतर ते खोकले.

मी तो खोकला ओळखला. घरी पाहुण्यांसमोर मी वाद घालू लागले की ते तसेच खोकत.

"किती भरली, बाई?" तिने विचारलं.

मी वर पाहिलं. मेंबरसाहेब माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. विनंती होती, आमच्या जुन्या पत्रकांच्या मथळ्यावर असायची तशी. 'थोडी कमीजास्त' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोणी तपासलं नसतं. आणि त्याच्या बदल्यात ठराव होता, निवृत्तीला टेकलेले वडील होते, औटकीपाशी अडलेली सगळी मुलं होती. माझ्या डोक्यातून हे सगळं गेलं. एकविसाव्या वर्षी माणूस विचार करत नाही असं म्हणतात ते खोटं आहे.

"सहा डब्या," मी म्हणाले.

"अन् आमची?"

"एक."

तिने बोटांवर काही केलं नाही. पाढा म्हटला नाही. मागे वळून बायांना नुसतं सांगितलं, "घेताना सहा, देताना एक." मक्तेकरी बंडीच्या चाकाशी उभा होता तो दोन पावलं पुढे आला.

बोलला तो मापारी. आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाला, "मले कोणं शिकवलं नाही, साहेब. घेताना हात वर राहते, देताना खाली येते. चाळीस वर्षं झाले. मले मालूमच नोतं, बाप्पा."

मला वाटतं, मेंबरसाहेबांनाही नव्हतं. हेच मला नंतर छळत राहिलं. त्यांनी कधी कोणाला 'जास्त घे' म्हणून सांगितलं नसेल. ते अकोल्याच्या कोर्टात, आणि इथे त्यांच्या वतीने एक हात आपोआप वर राहत होता. मी ते त्यांच्या मजूर बायांसमोर आणि कुळासमोर, त्यांच्याच खळ्यावर उघडं केलं. खिशात घडी करून ठेवलेलं आमचं पत्रक त्यांनी काढलं आणि वडिलांच्या हातात दिलं. "गुरुजी, जेवून घ्या. मग बंडी जुपायला सांगतो." आम्हाला वाढताना त्यांनी तुपाची वाटी स्वतः पुढे केली. ठरावाचा शब्द मात्र निघाला नाही.

पातूरपर्यंत बंडीत आणि अकोल्यापर्यंत मोटारीत वडील गप्प होते. स्टेशनच्या बाकावर बसल्यावर मला राहवेना. "मी खोटं बोलायला हवं होतं का, बाबा?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग बोलत का नाही?"

त्यांनी रुळांकडे तोंड केलं. "मी खोकलो," ते म्हणाले. "तीस वर्षं खरं माप, खरं माप म्हणून ओरडलो, आणि खरं माप समोर आलं तेव्हा मी खोकलो. तेवढं बघतोय." गाडीची घंटा झाली तेव्हा ते एकदम माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "पण तिला दशांश किती पटकन कळला, पाहिलंस? एकदा डबी हातात घेतली आणि कळला!"

ठराव मांडला गेला नाही. अमरावतीचे मेंबर म्हणाले, पुढच्या अधिवेशनात बघू. वडील निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले शिक्षक चांगले आहेत, आणि औटकी शिकवतात. आमच्या घरासमोरून शाळेत जाणारी मुलं ती घोकत जातात तेव्हा मी खिडकीपासून दूर बसते. मी खरं बोलले याचा मला पश्चात्ताप नाही, पण त्याची किंमत मी भरली नाही, ती मुलं भरताहेत. हे पत्रकात लिहिता येत नाही. पत्रकात एकच बाजू मावते, म्हणून मला पत्रकं इतकी आवडायची.

पुढच्या पत्रकातून मी शिगेचं ते लाडकं वाक्य काढून टाकलं. नवीन पत्रक फ्रान्सपासून सुरू केलं नाही, दोन पायल्यांपासून केलं. गाव लिहिलं नाही, माणूस लिहिला नाही. एक घेतानाची शीग आणि एक देतानाची, बस. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिली प्रत त्यांनाच पाठव." मी पाठवली. उत्तर आलं नाही. बाकीच्या प्रती कौंडण्यपूरच्या जत्रेत वाटल्या. संध्याकाळी त्यांतल्या बऱ्याच पत्रकांत फुटाणे बांधलेले दिसले, पण दोन जण थांबून विचारून गेले की ते माप कुठे मिळतं.

माप आमच्याकडेही नव्हतं. त्या दिवशी निघायच्या घाईत आम्ही ते खळ्यावरच विसरलो होतो, डबीसकट. वडील नवीन करून घ्यायचं म्हणत होते, पण तेवढ्यात कारागीर गाव सोडून गेला.

यंदा ज्वारीची खळी लागली आणि अकोल्याहून पोस्टकार्ड आलं. मेंबरसाहेबांचं, त्यांच्याच अक्षरात. 'सा. न. वि. वि. आपले पत्र्याचे माप माझ्या शेतावर राहिले आहे. बाया त्याशिवाय मजुरी घेत नाहीत, व आता मक्तेकरीही तेच मागतो. फार अडचण होते. तरी कृपया लवकर घेऊन जावे. कळावे.'

वडिलांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आई आतून म्हणाली, "मग आणायला कधी जाता?"

"मला दिसत नाही," वडील म्हणाले, "आणि पोरीला एकटीला इतक्या लांब कसं पाठवू?"

पत्रकं वाटायला मला एकटीला मोर्शीपासून मूर्तिजापूरपर्यंत धाडणारे माझे वडील हे बोलत होते. मोतीबिंदूचा त्यांना कधी आनंद झालेला मी पाहिला नव्हता, तो त्या दिवशी पाहिला. पोस्टकार्ड फळीवर ठेवलं आहे. आम्ही अजून गेलेलो नाही.